काजूच्या हंगामासाठी घेतलेलं रिव्हॉल्व्हर

२०२२ च्या मे महिन्यात, हंगाम सरत आला असताना, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ठाणे गावाहून वाळपईला येताना दोघांनी माझ्या पिकअपला मोटारसायकल आडवी घातली. मी काजूबी विकत घेतो. बागायतदाराला पैसे रोख हवे असतात, म्हणून सकाळी गाडीत रोकड आणि संध्याकाळी पोती. त्या दिवशी पैसे वाटून झाले होते आणि मागून कदंबची सरकारी बस येत होती. ते पळाले. मी घरी येऊन जेवलो नि झोपलो. तक्रार दिली नाही, हे पुढे नडलं.

सत्तरीत बंदुकीचं अप्रूप नाही. रानडुकरं, माकडं यांच्यापायी कित्येक घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असते. कमरेला लावायचं हत्यार मात्र वेगळं. त्याच्या परवान्यासाठी फॉर्म ए-१ भरला, पणजीला जिल्हाधिकारी कार्यालयात खेपा घातल्या. चौकशीला आलेल्या हवालदारांचा पहिलाच प्रश्न, ‘‘तक्रारीची प्रत?’’ नव्हती. मग तीन हंगामांच्या खरेदीच्या पावत्या, बँकेतून रोकड काढल्याच्या नोंदी असं सगळं जोडून दिलं. डॉक्टरांचा दाखला, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण, घरात कुलूपबंद ठेवण्याची सोय. बायकोची अट कायद्याहून कडक होती: लोखंडी पेटी भिंतीत बसवायची आणि किल्ली तिला दिसेल अशी कुठेही ठेवायची नाही. परवाना हातात पडायला २०२३ ची दिवाळी उलटली.

निवडायचं काय, हे मला सोपं वाटलं होतं. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्यासारख्याला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्यांना बंद असलेलं नळीचं माप. म्हणजे आलं बत्तीस बोअरवर. एका बाजूला कानपूरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, दुसरीकडे आठ गोळ्यांची मॅगझीन असलेलं ‘अशनी’ पिस्तूल. दुकानदाराने दोन्हीच्या गोळ्या काउंटरवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. दोन्ही बत्तीसच, पण रिव्हॉल्व्हरची लांब, पिस्तुलाची बुटकी. एकीची दुसरीत चालत नाही. ‘‘परवान्यावर काय लिहून आणलंय ते आधी बघा, मग मन लावा,’’ तो म्हणाला. ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरही दाखवलं. २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून गाजावाजा झालेलं, अर्ध्या किलोच्या आसपासचं. हातात छान बसतं, किंमत बसत नाही.

पिस्तूल चपटं, शर्टाखाली लपतं. रिव्हॉल्व्हरचा गोळ्या भरायचा गोल भाग पोटाशी फुगतो. आणि लपवणं हौसेचं नाही: २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, म्हणजे म्यानात, आणि पूर्ण झाकलेलंच हवं. मी घरी एक प्रयोग केला. पाऊण किलो काजूगर कापडी पिशवीत घट्ट शिवून घेतले आणि आठवडाभर उजव्या कमरेला बांधून काम केलं. पहिल्या दिवशीच कळलं की काट्यावर पोतं चढवायला वाकलो की शर्ट वर जातो. गाडीत बसलो की सीटबेल्टचा पट्टा बरोबर त्याच्यावर येतो, हात पोचतच नाही. घामाने कापड भिजून काळं पडलं. नगरगावच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने विचारलं, ‘‘पोटात गाठ आलीय काय रे बाबा?’’ शेवटी डाव्या बाजूला, मूठ उजव्या हाताकडे येईल अशी जागा ठरली आणि वर बिनखोचलेला ढगळ शर्ट. काजूगर पोरांनी खाल्ले.

प्रशिक्षणात दोन्ही चालवून बघितली. पिस्तुलात स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग ओढा, सेफ्टीचा खटका बघा, मॅगझीन काढली तरी आत एखादी गोळी राहिलेली असू शकते, हे लक्षात ठेवा. मला विसरायची सवय आहे, पावतीचं पुस्तकसुद्धा लोकांच्या पडवीत विसरतो. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहा भोकं समोर दिसतात, काय आहे नि काय नाही ते एका नजरेत. चाप लांब आणि जड, पहिल्या दिवशी तर नेम दरवेळी खाली गेला. मला तो जडपणा आवडला. घाबरलेल्या बोटाला थोडा वेळ मिळतो. शिकवणारे निवृत्त सुभेदार बजावत, स्वसंरक्षणाचा हक्क गरजेपुरताच; पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर आरोपी तुम्ही.

जानेवारी २०२४ मध्ये रिव्हॉल्व्हर घेतलं, परवान्यावर त्याचा क्रमांक चढवून आणला, चामड्याचं होल्स्टर ओळखीच्या चांभाराकडून थोडं कापून घेतलं. मार्चमध्ये काजूबी यायला लागली. आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. परवान्यावरची हत्यारं जमा करा, असं बोलावणं आलं. मी गोळ्या मोजून दिल्या, पावती घेतली.

गोव्यात मतदान ७ मेला झालं, आचारसंहिता उठली ६ जूनला. तोवर पाऊस. रिव्हॉल्व्हर परत आलं तेव्हा होल्स्टरला बुरशी धरली होती. त्या हंगामात मी पुतण्याला शेजारी बसवून फिरलो, आणि शक्य तिथे बागायतदाराला मोबाइलवरून पैसे पाठवले.