फालोम्बेची तूर, लातूरचा भाव

आफ्रिकेतल्या मलावीत ब्लँटायर शहर सोडून मुलांजेच्या रस्त्याला लागलं की आधी चहाचे मळे येतात आणि मग डोंगर. मुलांजेचं सपीत्वा शिखर ३,००२ मीटर उंच आहे असं वाचून गेलो होतो, पण जुलैत ते दिसायची आशा धरू नये. मोझांबिककडून चिपेरोनी येतो. चिपेरोनी म्हणजे गार वारा, धुकं आणि दिवसभर न थांबणारी भुरभुर. गाडीतले सगळे कानटोप्या घालून गप्प बसले होते. डोंगराला वळसा घालून फालोम्बेच्या मैदानात उतरलो तेव्हा कुठे ऊन पडलं, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी तूर दिसली. पुरुषभर उंच, शेंगांनी लगडलेली.

मी लातूरचा. तूर ओळखायला मला पाटी लागत नाही. पण आमच्याकडे आता सोयाबीनच्या पट्ट्यांमध्ये तुरीच्या दोन ओळी असतात, आणि इथे मलावीच्या दक्षिण भागात ती मक्याच्या सोबतीने असते. मका एप्रिल-मेमध्ये निघतो, तूर मागे एकटी उभी राहते आणि जुलै-ऑगस्टात हाताशी येते. २०२४ च्या सुरुवातीला एल निनोमुळे ऐन कणसं भरायच्या वेळी पाऊस गेला. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. मका वाळला, पण तुरीची मुळं खोल गेलेली, ती तगली. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, फ्रेडी चक्रीवादळाने याच डोंगरावरून चिखल आणि धोंडे खाली आणले होते. काही शेतांवर अजून वाळूचा थर होता. लोक त्याच वाळूत सरी काढून रताळी लावत होते.

एका संस्थेच्या स्वयंसेवक योजनेतून मी गेलो होतो. कागदावर माझं काम होतं ‘काढणीपश्चात व्यवस्थापन’, म्हणजे धान्य वाळवणं, प्रतवारी आणि साठवण. कृषी पदवीधर आणि त्यातून तूरवाल्या जिल्ह्यातला, एवढ्यावर माझी निवड झाली असावी.

ज्या घरी राहिलो तिथल्या बाईंना सगळे अमायी म्हणत, मीही म्हणू लागलो. पहिल्या रात्री हातावर पाणी घातलं आणि पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा पुढे आली. सोबत भोपळ्याच्या पानांची भाजी, आणि तिच्यात शेंगदाण्याचं कूट! अमायींनी ते माझ्यासमोरच उखळात कुटलं होतं, जरा भरड ठेवून. दुसऱ्या दिवशी तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडल्या. आमच्याकडे पौषात शेताच्या बांधावर बसून हेच खातात. सोललेल्या टरफलांचा ढीग पुढ्यात पडेपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही. इथेही बोललं नाही.

शेत अमायींचं. नवरा लग्नानंतर त्यांच्या गावात राहायला आलेला. इकडच्या लोम्वे लोकांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. बैठकीत बांधाची, बियाण्याची गोष्ट निघाली की पुरुष आधी बायकोच्या तोंडाकडे पाहत. माझ्या आईने चाळीस वर्षं रान कसलं आणि सातबारावर तिचं नाव नाही, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

योजनेत एक भाग गावातच डाळ करून खाण्याचा होता. बायकांनी तो सौजन्याने ऐकून घेतला. मग एकीने विचारलं, साल काढून टाकल्यावर पोट कशाने भरायचं? त्या तूर अख्खी शिजवतात. डाळ करायची तर भिजवा, वाळवा, भरडा, आणि शेवटी पोत्यामागे चांगला चौथा हिस्सा चुरी-सालात जातो. गुरं असतील तर ते चालतं. इथे बहुतेक घरी दोन बकऱ्या. डाळमिली आहेत त्या ब्लँटायर-लिंबेकडे, आणि त्यांचं गिऱ्हाईक परदेशात. तो भाग आम्ही बाजूला ठेवला आणि खरा प्रश्न हातात घेतला. तो होता भुंग्याचा.

तुरीचा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. दाणे घरात आले की महिन्या-दोन महिन्यांत पोतं भोकाभोकांचं होतं. म्हणून काढणी झाली की विक. ऑगस्टात सगळेच विकायला काढतात, त्यामुळे वेंडर म्हणतील तो भाव. वेंडर म्हणजे सायकल किंवा छोटा टेम्पो आणि काटा घेऊन दारात येणारा खरेदीदार. सरकार दरवर्षी शेतमालाचे किमान दर जाहीर करतं, पण वेंडरच्या काट्याला ते वाचता येत नाहीत. हातात आलेले क्वाचा, म्हणजे इथलं चलन, दोन महिन्यांत संपतात. मग डिसेंबर ते मार्च, म्हणजे नवा मका यायच्या आधीचे महिने, घरातली कणगी रिकामी आणि बाजारात मका वर्षातला सगळ्यात महाग. उपासमारीचं गणित असं तुरीच्या एका किड्यापाशी येऊन थांबतं, हे मला आधी कुठल्या अहवालात नीट कळलं नव्हतं.

उपाय साधा होता: तीन थरांच्या हवाबंद पिशव्या. आतला प्राणवायू किड्यांनीच वापरून संपवला की ते मरतात, औषध लागत नाही. अट एकच, दाणा कडकडीत वाळलेला हवा. दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ही परीक्षा मी शिकवायला गेलो तर अमायींनी माझ्या हातातला दाणा घेऊन चावला आणि ‘अजून दोन दिवस’ म्हणाल्या. माझंही तेच मत होतं. खरी अडचण पिशव्यांच्या किमतीची. २०२३ च्या नोव्हेंबरात क्वाचाचं ४४ टक्के अवमूल्यन झालेलं, त्यामुळे बाहेरून येणारं सगळंच महागलेलं. शेवटी गटाने थोड्या पिशव्या सामाईक घेतल्या आणि त्या कुणाच्या घरी ठेवायच्या यावर दोन बैठका चालल्या. किल्ली आणि कुलूप वेगवेगळ्या घरी, असं ठरलं. आमच्या बचतगटांनीही हेच ठरवलं असतं.

मग कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे तूर काय भावाने जाते? मी फोन काढला. लातूरच्या बाजारात तेव्हा क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव होता. क्वाचात रूपांतर करून सांगितला तेव्हा आधी हशा झाला आणि मग वेंडरच्या नावाने बरंच काही, जे माझ्या दुभाष्याने भाषांतरित केलं नाही.

अमायी हसल्या नाहीत. त्यांनी २०१७ विचारलं. त्या वर्षी तूर अंगणात पडून राहिली, वेंडर फिरकलेच नाहीत, आणि जे आले त्यांनी पाण्याच्या भावाने मागितली. इंडियाने दार लावलं, एवढंच त्यांना कळलं होतं. का लावलं, ते कुणी सांगितलं नाही.

मला ते माहीत होतं, कारण त्या वर्षीच्या रांगेत मी होतो. आदल्या खरिपात आपल्याकडे तूर विक्रमी पिकली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये, पण बाजारात त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरची रांग आणि आत बारदाना नाही. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ट्रॉलीखाली रात्री काढल्या. शेतकरी ओरडले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. नेमकी फालोम्बेत काढणी चालू असताना. पुढे डाळ महागली, २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली आणि मलावीशी करार झाला: पाच वर्षं, वर्षाला ५० हजार टन, २०२५-२६ पर्यंत.

हे सगळं मी मातीवर काडीने रेघा मारून सांगितलं. दुभाष्या दमला. अमायींनी विचारलं, ‘म्हणजे तुझ्या वडिलांना भाव मिळावा म्हणून आमची पडली?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘तरी त्यांनाही मिळाला नाही.’

परदेशात स्वयंसेवक जातात ते पिशव्या, बियाणं, प्रशिक्षण घेऊन. ते लागतंच, मी त्याला नाव ठेवणार नाही. पण फालोम्बेच्या त्या गटाला लातूरचा भाव आणि दिल्लीचं परिपत्रक वेळेवर कळणं पिशवीइतकंच गरजेचं आहे, आणि ते कुठल्याच योजनेच्या अंदाजपत्रकात नव्हतं. आता आयातीबाबत काही निघालं की मी दुभाष्याच्या फोनवर सोप्या इंग्रजीत दोन ओळी पाठवतो. वेंडर येण्याआधी ती बातमी गटात फिरलेली असते.

अण्णांना हे पटत नाही. ‘त्यांची तूर आली की आपली पडते, आणि तू त्यांनाच कळवतोस?’ असं ते दर वेळी म्हणतात. मी म्हणतो, त्यांच्याकडे साठवायची सोय झाली तर सगळी एकदम बंदरावर येणार नाही. ते म्हणतात, बघू. या हंगामात आमच्या घरची तूर विकायची की ठेवायची यावर अजून एकमत झालेलं नाही. हवाबंद पिशव्यांची किंमत मात्र त्यांनी परवा विचारून घेतली.