आलेपाक, काढा आणि न छापलेलं लेबल : आमची वाटचाल

आमच्या कोरेगाव भागात आल्याला तोटा नाही, पण चांगला आलेपाक मात्र दुकानात मिळायचा नाही, ही गोष्ट 2009 ची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, घरच्यापुरता करायच्या. त्यांच्याच पातेल्यात मी दोन किलो आल्याचा पहिला घाणा घातला आणि वड्या जिभेवर ठेवल्या तर नुसत्या दोऱ्या! आत्या म्हणाल्या, "अगं, आलं उभं चिरलंस. आडव्या चकत्या कर, मग वाट." तेव्हापासून आजपर्यंत आमच्याकडं आलं आडवंच चिरलं जातं, मिक्सर कितीही भारी असू दे.

ते पातेलं पितळी, बारा लिटरचं, अजून वापरात आहे. मोरावळ्याचा सीझन यायच्या आधी त्याला कल्हई लावतोच, कारण आवळ्यासारखी आंबट गोष्ट उघड्या पितळेत गेली की कळकलीच समजा, मग सगळा घाणा फेकायचा. पूर्वी कल्हईवाला दारात यायचा, आता त्याला शोधत सातारला जावं लागतं, तरी स्टीलवर जायचं मन होत नाही, जाड पितळेत पाक कसा सगळीकडून सारखा येतो. पाकाचं थर्मामीटर मुलानं आणून दिलंय पण मी उलथणं बघते, गोळा कडा सोडून उलथण्याभोवती फिरायला लागला की उतरवायचा. आणि गुळाच्या वड्या पावसाळ्यात करू नका, पाझरतात. साखरेच्याच करा.

पहिल्या दिवसापासूनचं आमचं गिऱ्हाईक म्हणजे एक कीर्तनकार बुवा. गळ्यासाठी महिन्याला अर्धा किलो, आणि तेही स्वतःचा ॲल्युमिनियमचा डबा घेऊन यायचे, पिशवीत घेत नसत. गावोगाव कीर्तनाला जायचे तिथं चार लोकांना वडी द्यायचे, आमची जाहिरात म्हणाल तर तेवढीच. मधली आठ-दहा वर्षं अशीच गेली, मोरावळा, सुंठवडा, डिंकाचे लाडू, फूडचं रजिस्ट्रेशन, सगळं रीतसर.

खरं सांगायचंय ते 2020 चं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, दुकानं बंद, वड्यांचा स्टॉक घरात पडून. मग आयुष मंत्रालयानं काढा सांगितला, चार भाग तुळस, दोन भाग दालचिनी, दोन भाग सुंठ, एक भाग मिरे, आणि सगळा महाराष्ट्र काढा प्यायला लागला. आमच्या डीलरनं जूनमध्ये नव्वद किलोची ऑर्डर दिली. ॲडव्हान्स नाही, पण सहा वर्षांचा व्यवहार होता म्हणून मी पाटल्या गहाण टाकल्या आणि माल उचलला. तुळस चाळीस किलो, दालचिनी आणि सुंठ वीस-वीस, मिरे दहा. तुळस सावलीत वाळवायची, कुरकुरीत झाल्याशिवाय दळायची नाही, नाहीतर पुडीत गठुळ्या होतात, पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही घरातल्या खाटासुद्धा रिकाम्या केल्या. शंभर-शंभर ग्रॅमची नऊशे पाकिटं भरायची होती.

लेबल छापायच्या आदल्या दिवशी डीलरचा फोन, "कोरोना होत नाही असं मोठ्या अक्षरात टाका." मी नाही म्हटलं. आमचं रजिस्ट्रेशन खाण्याच्या पदार्थाचं, औषधाचं नाही, आणि कायदा राहू दे बाजूला, पाकीट वाचून एखाद्यानं अंगावर ताप काढला, दवाखान्यात गेलाच नाही तर? तो म्हणाला, मग माल नको. आधीच्या मालाचे सत्तर हजार येणं होतं तेही अडकवून ठेवले, आजतागायत आले नाहीत. आणि आमच्याच शेडमध्ये दोन वर्षं पॅकिंग शिकून गेलेल्या एकानं तेच लेबल छापलं, आमच्यासारखंच हिरवं पाकीट, आत दालचिनीच्या नावावर जाड सालीची कॅशिया, म्हणजे दालचिनीसारखीच दिसणारी दुसरी साल! दालचिनी घेताना एवढं बघाच, खरी दालचिनी कागदासारखी पातळ, एकात एक बरेच पदर गुंडाळलेले असतात, बोटानं मोडते. कॅशियाचं साल जाड आणि कडक, आणि त्यात कूमरिन नावाचं द्रव्य बरंच जास्त, रोज पोटात गेलं तर लिव्हरला चांगलं नाही. त्याचा माल धडाधड गेला. माझ्या घरात नऊशे पाकिटं, सोन्याचं व्याज चालू, आमच्या ह्यांनी शब्दानं बोलून नाही दाखवलं पण रात्री उठून ओसरीवर बसायचे.

अशात बुवा आले. कीर्तनं बंद, त्यांच्याच घरी चणचण. डबा पुढं केला आणि म्हणाले, "वडी नको आज, ती काढ्याची पाकिटं दे पन्नास, विकून पैसे आणतो." स्कूटरवरनं ओळखीच्या घरी जायचे, दारातूनच सांगायचे, "घशाला बरं वाटेल, ताप आला तर डॉक्टर गाठा." दिवाळीपर्यंत साडेसहाशे पाकिटं त्यांनी काढली. कमिशन दिलं तर घेतलं नाही, शेवटी वर्षभराच्या वड्या लावून दिल्या. पाटल्या पुढच्या वर्षी सुटल्या.

काढा आम्ही अजून करतो, हिवाळ्यात. विचारलं नाहीत तरी सांगते, दीडशे मिली उकळत्या पाण्याला तीन ग्रॅम पूड पुरे, लोक चार-चार चमचे टाकून दिवसभर पितात आणि मग तोंड आलं, छातीत जळजळतंय म्हणून काढ्याला नावं ठेवतात. पित्ताचा त्रास असेल तर मिरे कमी करून थोडा गूळ घाला. मोरावळा डायबेटिसवाल्यांनी घेऊ नये, पाक साखरेचाच असतो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कुणी कितीही घरगुती म्हणून सांगितलं तरी.

बुवांचं वय झालंय, आता नातू येतो डबा घेऊन. झाकणाला चेपलंय, नीट बसत नाही म्हणून वर दोरी बांधलेली असते. परवाच आला होता, आत चिठ्ठी, "या खेपेला जरा तिखट."