पंख नसलेला गरुड

रोमन सैन्याचा नववा लीजन, म्हणजे गरुडाचं निशाण मिरवणारी मोठी तुकडी, ब्रिटनच्या उत्तरेला गेला आणि नाहीसा झाला, ही आख्यायिका. १८६६ साली इंग्लंडमधल्या सिल्चेस्टरच्या उत्खननात पंख नसलेला काशाचा गरुड मिळाला, ही खरी गोष्ट. या दोहोंची गाठ इंग्लिश लेखिका रोझमेरी सटक्लिफने मारली आणि १९५४ साली ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ आली. म्हणायला मुलांची कादंबरी. घरात आली की आधी मोठेच पळवतात.

पुढे संशोधकांनी गाठ सोडवलीही. गरुड बहुधा एखाद्या मोठ्या पुतळ्याचा असावा, आणि लीजनच्या शिक्क्याची कौलं नेदरलँड्समधल्या नाइमेखनला सापडली. कादंबरीचं त्यात काही अडलं नाही.

गोव्यात पोर्तुगीजांचा आग्वादचा कोट रोज बघणाऱ्या पोराला ती जरा जास्तच टोचेल. नायक मार्कस हा राज्य करायला आलेल्यांचा अधिकारी. मग बाजू कुणाची घ्यायची? सटक्लिफ भाषण ठोकत नाही. मार्कसने विकत घेतलेला, ब्रिटनमधलाच गुलाम एस्का त्याला खंजिराच्या म्यानावरची नक्षी दाखवतो: एक वळण, समोर तसंच उलटं वळण, मध्ये ताठ फूल, पुन्हा तेच. मग ब्रिटिश ढालीवरची नक्षी, जिथे एका वळणातून दुसरं वाहत जातं. दोन जगांमधलं अंतर एवढ्यात कळतं. असं बारीक बघणारी ही बाई चौदाव्या वर्षी शाळा सोडून चित्रकला शिकली होती, लघुचित्रं रंगवायची.

लहानपणीच जडलेल्या संधिवाताने तिचं बरंचसं आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेलं. शस्त्रक्रियाही पुष्कळ झाल्या. मार्कसचा जखमी पाय पुन्हा उघडायचा असतो, तिथे सुरीपेक्षा आधीची धास्ती जास्त लिहिली आहे. ते नुसत्या कल्पनेने सुचत नाही.

सोप्यावर बसून मोठ्याने वाचणार असाल तर नकाशा जवळ ठेवा: इस्का म्हणजे एक्सेटर, कॅलेव्हा म्हणजे सिल्चेस्टर. लॅटिन नावं अडली तरी समजावत बसू नका, पोरं उठून जातात. सुरुवातीचं आजारपण लांबलंय खरं, पण ते गाळलंत तर एस्का गुलामीतून सुटल्यावरही हरवलेला गरुड शोधायला मार्कसबरोबर उत्तरेला का जातो, हे कळायचं नाही. रोमनांच्या सरहद्दीवरच्या हेड्रियनच्या भिंतीपलीकडे मार्कस डोळ्यांचा वैद्य बनून हिंडतो. तिथून पुढे तुम्ही थांबायचं म्हटलंत तरी पोरं थांबू देणार नाहीत.