थांब हं, बेल वाजली

आईशी व्हिडिओ कॉल चालू असतो आणि ती वाक्याच्या मधोमध म्हणते, "थांब हं, बेल वाजली." मग फोन जिथे असेल तिथे आडवा होतो आणि मला दिसतो आमच्या नौपाड्यातल्या घराचा पंखा. गेल्या नऊ वर्षांत मी हा पंखा इतका पाहिलाय, की त्याच्या कुठल्या पात्याचा रंग उडालाय तेही सांगू शकेन. पंख्याच्या घरघरीपलीकडून कडीचा आवाज येतो, जाळीच्या दाराची कुरकुर येते आणि मग बोलण्याचे तुकडे. "सुटे नाहीयेत हो." "कालचा एक टॉवेल कमी होता." "इथे नको, आत ठेवा." इकडे स्टुटगार्टमध्ये रविवारची सकाळ असते. घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, थंडीत साडेचार. माझा पहिला चहा होईपर्यंत आईच्या दारावरून निम्मं ठाणं येऊन गेलेलं असतं.

बेल माझ्या घरालाही आहे. शिवाय तिच्यावर माझं नाव आहे, जे ठाण्यातल्या बेलवर कधीच नव्हतं.

जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, आडनाव, झाला पत्ता. इमारतीच्या दाराशी बटणांची उभी रांग, प्रत्येक बटणाशेजारी एक आडनाव, पत्रपेटीवर पुन्हा तेच. पाटीवर नाव नाही तर तुम्ही तिथे राहतच नाही. आम्ही आलो तेव्हा नियमाप्रमाणे दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत जाऊन पत्ता नोंदवला, शिक्का घेतला आणि निर्धास्त झालो. बेलवर जुन्या भाडेकरूचं आडनाव तसंच होतं. म्हटलं, बदलू सावकाश. बँकेचं कार्ड आलं, पोस्टमनने आमचं नाव शोधलं, मिळालं नाही, कार्ड परत. पुन्हा मागवलं, पुन्हा परत. ठाण्यात असतं तर पोस्टमनने पहिल्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं असतं, आणि काकूंनी कार्ड ताब्यात घेऊन आमच्या खात्यात साधारण किती असतील याचा अंदाजही बांधला असता.

मग घरमालकांनी पाटी करून आणली. आमचं आडनाव कोकणातलं, 'कर'ने संपणारं, रोमन लिपीत तेरा अक्षरांचं. पट्टी जेमतेम चार बोटांची. त्यांनी शेवटची दोन अक्षरं गाळली. तेव्हापासून स्टुटगार्टात आमचं गाव आहे, पण आम्ही त्या गावचे 'क' एवढेच आहोत.

या पाट्यांवरून युरोपात एकदा वादळही झालं होतं. २०१८ साली खासगी माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा आला, तेव्हा व्हिएन्नात एका भाडेकरूने तक्रार केली की बेलवर माझं नाव कशाला? तिथल्या पालिकेच्या मालकीची दोन लाखांहून जास्त घरं आहेत. त्या सगळ्यांच्या बेलवरची नावं काढून नंबर लावायचं ठरलं. लगेच जर्मनीतही चर्चा सुरू, आता आमच्याही पाट्या जाणार का? शेवटी युरोपीय आयोगाने सांगितलं, बेलच्या नावांचा आणि या कायद्याचा संबंध नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लोक तावातावाने बोलत होते. मी मुकाट्याने ऐकत होते. मनात एकच, पण वाजवतं कोण?

वाजवतात, अगदीच नाही असं नाही. धुराचा अलार्म तपासायला वर्षातून एकदा माणूस येतो, पण त्याआधी काही आठवडे जिन्यात चिठ्ठी लागते: अमुक तारखेला, आठ ते दहा, घरी थांबा. बाकी पार्सल. आम्ही घरी नसलो की पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवतात आणि पेटीत कार्ड टाकतात. या इमारतीतल्या बहुतेक माणसांशी माझी ओळख त्या कार्डांमुळेच झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या घरात माझी तीन जोडी बूट, एक कुकरची रिंग आणि मेतकुटाची पाकिटं राहून आलेली आहेत. पार्सल आणायला जाताना मी आधी जिन्यात कानोसा घेते. त्यांची जेवणाची वेळ नाही ना, झोपेची नाही ना. मग अगदी हलकेच बटण.

एरवी निरोपसुद्धा बेलशिवाय येतात. स्टुटगार्ट म्हणजे श्वाबियन लोकांचा मुलूख, आणि जिना झाडायची पाळी ही त्यांची खास चीज. ज्याची पाळी, त्याच्या दाराला आठवडाभर एक छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की शेजारी ती पाटी काढून गुपचूप तुमच्या दाराला अडकवून जातात. सोमवारी सकाळी दार उघडलं की ती दिसते. कुणी बोलत नाही. मात्र तुम्ही झाडलं नाहीत तर सगळ्यांना कळतं. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. त्या हिशेबाने ठाणं स्टुटगार्टचं कोण लागतं, याचा मी जिना झाडताना विचार करते. बहुधा बहिणीची शेजारीण. पण शेजारीण असती तर बेल वाजवली असती.)

एक अपवाद सांगायलाच हवा. सहा जानेवारीच्या आसपास कागदी मुकुट घातलेली मुलं तीन राजे बनून दारोदार फिरतात, गाणं म्हणतात, गोरगरीब मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि चौकटीवर खडूने सालाचे आकडे आणि सी, एम, बी ही अक्षरं लिहून जातात. या घराला ख्रिस्ताचा आशीर्वाद असो, असा त्यांचा अर्थ. आमच्याकडे ती पहिल्यांदा आली तेव्हा माझा हात सवयीने पावतीपुस्तकासाठी पुढे झाला. गणपतीची वर्गणी आणि पावती नाही? खडू वर्षभर तसाच राहिला. आईने कॉलवर पाहिला आणि म्हणाली, "असू दे. पुसू नको."

या वर्षी श्रावणात ठाण्याला गेले. पहिली रात्र कोणाची धड जाते? पहाटे चारला कसाबसा डोळा लागला आणि सहा वाजता दूधवाल्याची बेल. स्टुटगार्टात तेव्हा रात्रीचे अडीच. आमची बेल चिमणीची आहे, मी आठवीत असताना बाबांनी आणलेली. पावसाळ्यात दमट हवेने तिचा घसा बसतो आणि चिमणीची कोंबडी होते. त्या सकाळी उशी कानावर दाबून मी मोजलं. सहापासून बारापर्यंत चौदा वेळा.

पण तिसऱ्या दिवशी डोळे मिटूनही कळायला लागतं, कोण ते. इस्त्रीवाला बटणावर बोट ठेवून विसरतो. दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारी मुलं दोनदा घाईने दाबतात आणि आपण दार उघडेपर्यंत एक मजला उतरलेली असतात. समोरच्या काकू बेल वाजवतात आणि लगेच "मी गं" असंही म्हणतात, त्यामुळे बेल कशाला वाजवली हा प्रश्न उरतो. कचरेवाली बेलला हातच लावत नाही, जाळीवर किल्लीने टकटक करते. सिलिंडरवाला दुसऱ्या मजल्यावरूनच ओरडतो, कारण १४.२ किलो गॅस आणि वर त्या टाकीचं ओझं खांद्यावर घेऊन तिसरा मजला चढल्यावर बटण दाबायला बोट शिल्लक राहत नाही. आणि फुलवाला. एरवी तो फुलपुडी कडीला अडकवून निघून जातो, पण श्रावणी सोमवारी बेल वाजवतो, कारण पुडीत बेल असतो आणि तो कोमेजायच्या आत उचलावा अशी त्याची इच्छा असते. "आई, बेल वाजली." "बेलच असेल, घे." हे बोलणं आमच्या घरात दर श्रावणात होतं आणि दर श्रावणात आम्ही दोघी हसतो.

फार गोड चित्र रंगवत नाही. चौथ्या दिवसापासून मला त्या बेलचा वैताग येतो. आईची दुपारची झोप पाण्याचा फिल्टर विकणाऱ्या मुलाने मोडली तेव्हा मी त्याच्याशी असं काही बोलले, की आईच मागून म्हणाली, "हळू, उन्हापावसाचं फिरतोय तो." स्टुटगार्टमधल्या रविवारच्या शांततेत सलग दोनशे पानं वाचणारी बाई आहे मी. त्या शांततेची मला चटक लागली आहे, हे कबूल करते.

चटकच नव्हे, वळणही लागलंय. तिथली माझी मैत्रीण कॉफीला यायचं तीन आठवडे आधी ठरवते. शनिवारी साडेतीन म्हणजे साडेतीन. एकदा मी खिडकीतून सहज बाहेर पाहिलं, तर ती तीन पंचवीसलाच पोचली होती आणि समोरच्या फुटपाथवर केकचा डबा धरून पाच मिनिटं उभी होती. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही, हे महत्त्वाचं. कारण ठाण्यात काय झालं, तर ब्राह्मण सोसायटीत मावशीकडे गेले, धो धो पाऊस, छत्री उलटी झालेली, आणि मी तिच्या इमारतीखाली उभं राहून फोन लावला.

"मावशी, घरी आहेस ना? येऊ का?"

"कुठे आहेस तू?"

"खाली."

क्षणभर काही आवाजच नाही. मग, "का गं, बेल बिघडलीय का आमची?"

थालीपीठ मिळालं, वर लोण्याचा गोळा मिळाला, पण ही गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन घरांत पोचली. आईला फोनवर सांगताना मावशीने शेवटी जोडलं म्हणे, "चपला तरी विचारून काढल्या नाहीत, नशीब."

एकच काळ असा गेला की पंखा दिसेनासा झाला. २०२०च्या मार्चनंतर विमानं बंद, मी इकडे, आई तिकडे एकटी. कॉल तासतासभर चालायचे, कुठेही न तुटता. दूध सोसायटीच्या फाटकापाशी, पेपर बंद, कामवाल्या बाईंचं येणं बंद. आई माझ्याकडे नीट बघून बोलायची, अख्खी वाक्यं पुरी करायची. मला ते सहन व्हायचं नाही. जूनमध्ये कधीतरी ती पुन्हा पहिल्यांदा "थांब हं" म्हणाली आणि फोन आडवा झाला, तेव्हा मी पंख्याकडे बघत बसले. आंबेवाला होता. महाग लावले म्हणून तिने घेतले नाहीत.

आता आमची इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. नौपाड्यात कुठल्याही गल्लीत शिरा, एखाद्या तीनमजलीभोवती हिरवे पत्रे उभे असतातच. सभा होतात, कार्पेट एरियावरून भांडणं होतात. आईला चटईक्षेत्राचं फारसं पडलेलं नाही. ती विचारते, "खाली वॉचमन अडवणार, मग फोन करून विचारणार, मग माणूस वर. म्हणजे फुलवाल्याने काय करायचं?"

उत्तर मी घोडबंदर रोडला मावसभावाकडे पाहून आले होते. फाटकावर माझा फोटो काढला. "कोणाकडे?" मी भावाचं नाव सांगितलं. "नाव नको मॅडम, नंबर सांगा. विंग?" नंबर मला ठाऊक नव्हता. भाऊ ऑफिसात, त्याच्या मोबाइलवर माझा फोटो गेला, त्याने तिथून अंगठा टेकवला आणि मी आत. वर त्याच्या दाराला बेल आहे, सुरेख, कॅमेऱ्यासकट. वहिनी म्हणाली, वाजत नाही फारशी. कोण येतंय ते आधीच कळतं ना. दारावर पाटी नाहीच, नुसता आकडा. आमच्या घराच्या दारावर अजून बाबांचं नाव आहे, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली तरी. नव्या इमारतीत सगळ्या पाट्या एकसारख्या असणार, असं माहितीपत्रकात छापलंय. चिमणीची बेल मी काढून स्टुटगार्टला न्यावी का, असं मनात आलं. पण तिथे ती वाजवायची कोणी? आणि पावसाळ्याशिवाय तिचा घसा कसा बसणार?

निघायच्या आधीच्या दोन दिवसांत बेल वाजवणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, "ताई, कधी निघणार?" विमान मध्यरात्रीनंतरचं. मी बेल न वाजवता, दार हळूच ओढून घेऊन निघाले. समोरच्या काकू तरीही जाग्याच होत्या.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी कॉल केला. आई पावसाचं सांगत होती, तळावपाळीला पाणी किती चढलंय ते सांगत होती आणि मधेच म्हणाली, "थांब हं." पंखा आला. दार, जाळी, एक पुरुषी आवाज. आईचा आवाज, "नाही हो, गेली ती परवाच." मग काहीतरी सुट्या पैशांचं. मग चपलांची सरसर आणि पडद्यावर पुन्हा तिचा चेहरा.

"इस्त्रीवाला. तुझी ती निळी ओढणी राहिली होती त्याच्याकडे. कपाटात ठेवते."