पाय टाकणारा रेणू

दुपारी सेमिनारमध्ये तो व्हिडिओ परत पाहिला. जपानच्या कानाझावा विद्यापीठातल्या तोशिओ आंदोंच्या गटाचा, २०१० सालचा. मायोसिन-५ नावाचं प्रथिन ॲक्टिनच्या (हेही पेशीतलं एक प्रथिनच) धाग्यावरून चक्क चालतंय! एकेक पाऊल साधारण ३६ नॅनोमीटरचं. मागचा पाय सुटतो, गर्रकन पुढे येतो, जरा चाचपडतो नि टेकतो.

क्रायो-ईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तंत्रात रेणू गोठवून पाहतात, म्हणजे फोटो सुरेख पण सगळे स्टॅच्यू. हा व्हिडिओ हाय-स्पीड एएफएम नावाच्या सूक्ष्मदर्शकाचा, इथे प्रकार वेगळा. द्रवात काम करत असलेल्या रेणूवर एक अतिसूक्ष्म सुई टकटक करत फिरते, अंधारात काडेपेटी चाचपावी तशी. तेही इतक्या हलक्या हाताने की रेणूची चाल बिघडत नाही. मला खरं कौतुक याचंच.

रात्री आईला दाखवला. ती म्हणाली, "अगं, हा तर धोतर सावरत चिखलातून चाललाय!" आमच्या अख्ख्या सेमिनारात कुणाला हे सुचलं नव्हतं.

माझं म्हणाल तर सकाळपासून सेलोटेप लावून अभ्रकाचे पापुद्रे सोलतेय. रेणू ठेवायला सपाट, स्वच्छ जागा लागते ना. सात चकत्या वाया गेल्या. आठवी बरी निघाली, तर तिच्यावर मीच शिंकले.