मशीनले सारं समजते, त तुम्ही काय लिहिता?

गावात कुणाच्याही ओसरीवर टेकलं की हा प्रश्न येतोच. "मशीनले सारं समजते म्हणता, त मंग तुम्ही दिवसभर लिहिता काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मी एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम करते. शेतकरी फोनवर मराठीत विचारतो, एआय एजंट उत्तर देतो. (एजंट म्हटलं की आमच्याकडे विमावाला आठवतो, हा तो नव्हे.) आजचं हवामान, आजचा भाव या गोष्टी मॉडेलजवळ, म्हणजे एजंटच्या आत भाषा समजून उत्तर बनवणाऱ्या एआयजवळ, नसतात. त्यासाठी त्याच्या हाताशी टूल्स दिलेली असतात. टूल म्हणजे आमच्या पोरांनी लिहिलेला कोड, पण तो मॉडेलला दिसतच नाही. दिसतं फक्त टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि भरायचे रकाने. तेवढ्यावरून कोणतं टूल बोलवायचं, रकान्यात काय घालायचं हे ते ठरवतं. त्या चार ओळी माझ्या.

बियाण्याच्या टूलसाठी मी पहिल्यांदा लिहिलं होतं, "सोयाबीनच्या पेरणीला लागणारं बियाणं काढते." रकाना एकच, क्षेत्र. मला त्यात काही खोट दिसली नाही. जूनमध्ये एका काकांनी विचारलं, "सातबाऱ्यावर १.२० हाय, सोयाबीन पेराचं हाय, बियाणं किती लागन?" उत्तर गेलं, ३६ किलो. सातबाऱ्यावरचे १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, जवळजवळ ३ एकर. हेक्टरी ७५ किलोनं ९० किलो होतात. कोडमध्ये एकर धरले होते, मॉडेलनं आकडा जसाच्या तसा टाकला. काकांनी फोन करून सुनावलं, "तुमचं मशीन सव्वा एकराचं बियाणं सांगून राह्यलं." बरं झालं, त्यांना त्यांचं शेत आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मॉडेलच बदला, असा सूर निघाला. मी आधी त्याला सातबाऱ्याबद्दल विचारून पाहिलं, तर हेक्टर-आर त्यानं नीट समजावून सांगितलं. सातबारा त्याला ठाऊक होता. आमच्या टूलला एकर हवेत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, तर ते कळणार कसं? आता एककाचा वेगळा रकाना आहे, त्यात ठरलेल्याच पर्यायांतून निवडायचं: एकर किंवा हेक्टर. गुणाकार-भागाकार कोड करतो, मॉडेलच्या गळ्यात घालत नाही. वर्णनात लिहिलंय: "सलग सोयाबीनसाठीच. सोयाबीन-तूर आंतरपिकाला वापरू नये. सातबाऱ्यावरचा आकडा हेक्टर-आरमध्ये असतो. एकक कळत नसेल तर शेतकऱ्याला विचारावं."

कशासाठी वापरू नये, हे लिहायला मी फार उशिरा शिकले. आमच्याकडे दोन टूल्स होती, 'भाव' आणि 'हमीभाव'. "सोयाबीनले काय भाव हाय?" विचारलं की कधी मंडीतला दर जायचा, कधी हमीभाव. २०२५-२६ साठी तो क्विंटलला ५,३२८ रुपये होता. मंडीत त्याच्या खाली बोली लागलेल्या माणसाला हा आकडा ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. 'हमीभाव'च्या वर्णनात एक ओळ घातली, "आज बाजारात काय मिळेल हे यातून कळत नाही." गोंधळ बराच थांबला.

मग जोर चढला आणि मी जिथे तिथे "अत्यंत महत्त्वाचं", "नेहमी वापरावं" लिहू लागले. झालं! संत्र्याच्या कलमांबद्दल विचारलं तरी गडी आधी पावसाचा अंदाज काढून यायचा. ते सगळं पुसलं.

चूक झाल्यावर टूल जे परत सांगतं तेही लिहिणंच आहे. हवामानाच्या टूलमध्ये नुसतं 'कारंजा' टाकलं की "चुकीची माहिती" एवढंच यायचं, आणि मॉडेल तेच पुन्हा पुन्हा टाकत बसायचं. कारंजा दोन, वाशीमचं कारंजा लाड आणि वर्ध्याचं कारंजा घाडगे. मध्ये अमरावती जिल्हा पडतो. एकीकडे पाऊस, दुसरीकडे फवारणीला उघडीप, असं सहज होतं. आता टूल म्हणतं, "कारंजा नावाचे दोन तालुके आहेत, वाशीम आणि वर्धा. शेतकऱ्याला जिल्हा विचारा." मॉडेल विचारतं.

नवं वर्णन लिहिलं की आधी शेजारच्या काकूंना वाचून दाखवते. त्यांनी कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही, म्हणूनच. परवा बियाण्याचं ऐकवलं. त्या तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकर झालं, हेक्टर झालं. अन् एखाद्यानं गुंठे सांगितले त?"

रकान्यात गुंठा नव्हताच. मी लॅपटॉप पुन्हा उघडला.