मोया माफी

जुबाच्या, म्हणजे दक्षिण सुदानच्या राजधानीच्या, विमानतळावर माझी एक बॅग आली, दुसरी आलीच नाही. आलेल्या बॅगेत कपडे, बायबल आणि बायकोने बळेच कोंबलेला मेतकुटाचा डबा. न आलेल्या बॅगेत हापशाचे दोनशे बकेट वॉशर, सहा साखळ्या, बेअरिंगं आणि पाइप धरायचे पाने. म्हणजे ज्या कामासाठी मला मुंबई–अदिस अबाबा–जुबा असं फिरवत आणलं होतं, ते सगळं काम त्या दुसऱ्या बॅगेत.

मी हापसेवाला. जिल्हा परिषदेच्या हापसे दुरुस्ती पथकात उभी नोकरी गेली. निवृत्त होऊन दोन महिने झाले असतील, एका चर्चच्या पाणी-प्रकल्पातून विचारणा झाली: महिनाभर दक्षिण सुदानला येता का, तिथल्या पोरांना हापसा खोलायला शिकवायचाय. मी आधी नाहीच म्हणणार होतो. मग कळलं की तिथले हापसेही आपलेच, इंडिया मार्क दोन. १९६० च्या दशकात आमच्या जालन्यात मिशनच्या लोकांनी दुष्काळी गावांसाठी जो दणकट हापसा बनवला, त्यावरून पुढे सोलापूरचा हापसा आला आणि त्यावरून १९७० च्या दशकात हा मार्क दोन. म्हणजे गावाकडचाच पोरगा तिकडे नांदायला गेलेला. म्हटलं, बघून येऊ. २०१९ चा फेब्रुवारी होता.

बॅगेची वाट बघत तीन दिवस जुबात काढले. दुसऱ्या दिवशी नाईलचा पूल ओलांडून गुंबोला गेलो. तिथल्या डॉन बॉस्को मिशनच्या आवारात विस्थापितांची अख्खी वस्ती वसलेली. काटक्यांच्या सांगाड्यावर ताडपत्री, शिवून शिवून तिचं गोधडं झालेलं. तिथले फादर दक्षिण भारतातले. मला बघताच त्यांनी आधी चहा मागवला आणि मग सरळ विचारलं, ‘लोणचं आणलंय का?’ मेतकुटावर समाधान मानलं बिचाऱ्यांनी.

देश सुदानपासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला २०११ च्या जुलैत. पुरी अडीच वर्षंही झाली नसतील तोच डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे आधीचे उपराष्ट्राध्यक्ष रीक मचार यांची सैन्यं एकमेकांवर तुटून पडली. एक दिंका, दुसरे नुएर. पुढाऱ्यांचं भांडण जमातींच्या अंगणात उतरलं. मी गेलो तेव्हा देशाबाहेर पळालेले वीस लाखांच्या वर आणि देशातच घर सोडून बसलेले जवळपास तेवढेच. एकूण लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत. आपल्या मराठवाड्याहून कमीच.

दुपारी जेवायला आसीदा होती, ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड, वर भेंडीचा बुळबुळीत रस्सा. पहिल्या घासाला मला ७२ साल आठवलं. अकरा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, रेशनवर लाल मिलो मिळायची, शाळेत सुकडी. मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि आई अमेरिकेला शिव्या घालायची. मी फादरना म्हटलं, आमच्याकडेही दुष्काळ होता. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘पाऊस नव्हता ना तुमच्याकडे?’

ते तेव्हा कळलं नाही, रात्री कळलं. इथे २० फेब्रुवारी २०१७ ला लेर आणि मायेंदित या भागांत दुष्काळ जाहीर झाला, लाखभर माणसं त्यात सापडली. आणि तो भाग नाईलच्या दलदलीला लागून. पाण्याची वाण नाहीच. सैन्य आलं की लोक पळून दलदलीतल्या बेटांवर जायचे, कमळकंद उकडून खायचे, मासे मिळाले तर मासे. गुरं पळवलेली, पेरणी झालेली नाही, मदतीचे ट्रक नाक्यानाक्यावर अडवलेले. त्याच आठवड्यात कॅथलिक बिशपांनी पत्र काढलं आणि त्यात लिहिलं की हा दुष्काळ माणसाने आणलाय, दोन्ही बाजूंचे सैनिक लोकांना मारताहेत. सरकारची माणसं समोरच्या बाकावर मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, बसतात अशा गावात हे लिहायला छाती लागते. आमच्याकडे ७२ मध्ये सरकारला शिव्या देणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या दारात बंदूकवाला उभा नव्हता.

चौथ्या दिवशी बॅग आली, एक चाक तुटलेलं. संयुक्त राष्ट्रांच्या छोट्या विमानाने वाऊ शहरात गेलो.

वाऊची माती कोकणासारखी लाल. बाजारात पोरं एक सुकं फळ चोखत होती, ‘लालोब’ म्हणतात. हातात घेऊन बघितलं तर आपलं हिंगणबेट! आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. इथे पडत्या काळात पाला, फळ, बी सगळं पोटात जातं.

कॅथेड्रल मोठं, कॉम्बोनी नावाच्या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांच्या काळातलं. १९६४ मध्ये खार्तूमच्या, म्हणजे सुदानच्या, सरकारने दक्षिणेतल्या सगळ्या परदेशी मिशनऱ्यांना हाकललं. चर्च बंद पडेल असा त्यांचा हिशेब असावा. झालं उलटंच, ते इथल्या काळ्या पाद्र्यांच्या हाती आलं आणि तेव्हापासून इथल्या मातीचं झालं. जून २०१६ मध्ये शहरात गोळीबार सुरू झाला तेव्हा हजारो लोक पोरंबाळं घेऊन याच आवारात शिरले. अडीच वर्षांनी मी पोचलो तेव्हाही कितीतरी कुटुंबं तिथेच होती. बहुतेक फरतित आणि लुओ जमातींची, दिंका सैनिकांच्या भीतीने घर सोडलेली.

आवारात दोन हापसे. एकासमोर पिवळ्या डब्यांची रांग. माणसं सावलीत, डबे उन्हात नंबर धरून. हे दृश्य मला कोणी सांगायची गरज नव्हती. दुसरा हापसा कोरडा. एक मुलगी दांडा हलवून मला म्हणाली, ‘मोया माफी.’

मी चमकलो. माफी कसली? बाजूचे म्हातारे फादर हसले. रबरी सपाता, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. म्हणाले, मोया म्हणजे पाणी, माफी म्हणजे नाही. मी त्यांना आमच्या भाषेत माफीचा अर्थ काय ते सांगितलं. ते थोडा वेळ हापशाकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘दोन्ही माफी.’

पाण्यातल्या सिलिंडरपर्यंत जायचं तर बारा पाइप वर काढावे लागणार होते. तीन-तीन मीटरचे, लोखंडी, आत पाणी भरलेले. पाच-सहा माणसं दोराला हवीत. वस्तीतली पोरं आली, पण जोर पुरेना. मला आणणारा ड्रायव्हर गाडीतच बसून होता. सव्वासहा फूट उंच, कपाळावर गोंदणासारखे चिरे, म्हणजे दिंका. आवारात शिरल्यापासून त्याने काच खाली केली नव्हती. बायकाही त्याच्याकडे बघत नव्हत्या, म्हणजे मुद्दाम बघत नव्हत्या.

फादर सपाता फटफटवत गाडीपाशी गेले. काचेवर टकटक केलं. काहीतरी बोलले, चार शब्द. तो उतरला. फादरनी दोराचं टोक त्याच्या हातात दिलं, दोन फरतित पोरांच्या मधे त्याला उभं केलं आणि स्वतः मागे उभे राहिले. सत्तरीतला माणूस. ‘हेला हेला’ इथेही काहीतरी निराळ्या शब्दांत म्हणतातच. बारा पाइप निघाले. वॉशर पार झिजून कागद झालेले. नवे दोन घातले, पुन्हा बारा पाइप खाली. पाणी आलं तेव्हा आधी गंज, मग स्वच्छ.

नंतर फादरना विचारलं, त्याला काय म्हणालात? ‘पाइप जड आहे म्हणालो.’

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. कोणाचं मनपरिवर्तन वगैरे झालं असं मला वाटत नाही, उगाच लिहीत नाही.

त्या रात्री फादरनी वुनलितची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी-मार्च १९९९. आठ वर्षं दिंका आणि नुएर एकमेकांची गुरं, बायका, पोरं पळवत होते. चर्चच्या परिषदेने आधी वर्षभर मुखियांना गाठलं, मग दिंकांच्या मुलखात झोपड्यांचं नवं गावच उभारलं आणि दोन्हीकडचे शेकडो लोक आणून बसवले. सुरुवातीला एक पांढरा बैल, माबिओर, दोन्ही जमातींच्या रिवाजाने बळी दिला. करार मोडेल त्याचं असंच होवो! बिशप हजर, पाद्री हजर, बायबलही हजर. मी जरा खवचटपणे विचारलं, बैल कसा चालला तुम्हाला? फादर म्हणाले, शपथ कोणाला घ्यायची होती, आम्हाला की त्यांना?

हे सगळं ऐकून चर्च म्हणजे अभय, असं कोणाला वाटेल. तसं नाही. जानेवारी २०१४ मध्ये बोरच्या कॅथेड्रलच्या आवारात आसरा घेतलेल्या बायका मारल्या गेल्या, त्यांत चर्चसेविकाही होत्या. रुआंडात १९९४ ला तर लोक चर्चमध्ये गेले म्हणूनच एका जागी सापडले. इथले पाद्रीही कुठल्या तरी जमातीत जन्मलेले, आणि ते लोकांना बरोब्बर ठाऊक असतं. पण तोरीतचे बिशप परीदे ताबान यांचं नाव काढलं की सगळ्या जमातींची माणसं मान लववतात, हे मी स्वतः पाहिलं. खार्तूमशी लढणाऱ्या बंडखोरांनी गाव घेतलं तेव्हा हा माणूस लोकांना सोडून गेला नाही, बंडखोरांच्या कैदेतही राहिला. निवृत्त झाल्यावर २००५ मध्ये कुरोनला गुरंचोरीच्या मुलखात ‘शांतिग्राम’ वसवलं: शाळा, दवाखाना, शेती. २०१४ मध्ये पिबोरच्या बंडखोरांशी सरकारचा समझोता झाला, त्यातही हेच मध्यस्थ. मला त्यांना भेटायचं होतं, पण कुरोनचा रस्ता माझ्या महिन्यात बसला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात ते गेले.

परत आलो. ११ एप्रिलला पोरीने मोबाइल पुढे केला. व्हॅटिकनमध्ये बोलावलेल्या कीर, मचार आणि इतर पुढाऱ्यांसमोर पोप फ्रान्सिस, ८२ वर्षांचे, दोघांचा आधार घेत गुडघ्यांवर उतरत होते आणि एकेकाच्या बुटांचं चुंबन घेत होते. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी त्या बुटांकडे बघत होतो. काळे, लखलखीत पॉलिश केलेले. वाऊत तसे बूट मी कोणाच्याच पायात पाहिले नव्हते.

आठवडाभराने वाऊहून फोटो आला. मी शिकवलेल्या पोरांपैकी एकाने पाठवलेला. पहिला हापसा, वरचं झाकण उघडं, साखळी तुटलेली. खाली दोनच शब्द. मी सोलापूरच्या दुकानदाराला फोन लावला आणि विचारलं, साखळ्या कितीला देतोस, डझनाच्या भावात सांग.